नावाला मूठ

व्हर्लीन गॅड्सडेनने चारशे अठरा नंबरचं घर विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत आधी हसले ती मी. आता गल्लीतले निम्मे लोक सांगतात की आम्हाला पहिल्यापासून खात्री होती. साफ खोटं. खात्री कुणालाच नव्हती, आणि मला तर मुळीच नव्हती.

मी इनेझ टॉलिव्हर. त्या घरासमोर, चारशे एकवीसच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. एकतीस वर्षं सबवेच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, खिडकीत बसून प्रवासाची टोकनं विकली. काचेआडून माणसं न्याहाळायची सवय निवृत्तीबरोबर जात नाही. आमच्या डिकेटर स्ट्रीटवर कोण कुणाच्या पायऱ्या चढलं आणि किती वेळाने उतरलं, हे मला विचारावं लागत नाही.

व्हर्लीन एकोणिसाव्या वर्षी साउथ कॅरोलिनाहून ब्रुकलिनला आली ती मावसबहिणीच्या लग्नाला. परत गेलीच नाही. लग्न दोन वर्षांत मोडलं, वऱ्हाडी मात्र टिकली. सरकारी शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि सत्तावीस वर्षं रोज दोनशे पोरांना जेवू घालत राहिली. मनगटं गड्यासारखी, बोलणं मोजकं. नवरा होता, थोडे दिवस. ऐंशी साली ती मिसेस बॅटलच्या घरात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आली. एक मोठी पेटी आणि एक बिडाचा तवा, एवढं सामान. तवा तिने स्वतः उचलला होता, पेटीला माणूस केला होता.

आता मिसेस बॅटलबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

त्यांचे यजमान थॅडियस बॅटल आगगाडीच्या झोपायच्या डब्यांत नोकरीला होते. तेहतीस वर्षं गोऱ्या प्रवाशांचे बिछाने घातले, बूट पॉलिश केले. त्या गाड्यांवर काम करणाऱ्या प्रत्येक काळ्या माणसाला प्रवासी एकाच नावाने हाक मारत: जॉर्ज. तुमचं नाव काही का असेना. थॅडियससारखं भारदस्त नाव बापाने ठेवलं, आणि हा माणूस शिकागोपर्यंत जॉर्ज, परत येताना जॉर्ज. बक्षिशीच्या पैशांतून त्याने एकोणपन्नास साली हे घर घेतलं. आणि घेतल्या दिवशी ठरवलं की या पायऱ्या चढून जो येईल तो मिस्टर बॅटल म्हणेल, नाहीतर पायऱ्या उतरेल. चारचौघांत बायकोसुद्धा मिस्टर बॅटलच म्हणायची.

आम्हा काळ्या लोकांत याला नावाला मूठ लावणं म्हणतात. मिस्टर, मिसेस, मिस, ही ती मूठ. तापलेला तवा मुठीशिवाय उचलायला गेलात तर हात भाजतो, तसंच नावाचं. माझ्या आजीचे कितीतरी धपाटे मी या एका शिकवणीपायी खाल्लेत.

यजमान गेल्यावर मिसेस बॅटलनी नियम आणखी कडक केला. एकदा गॅसचा मीटर बघणारा दारात उभा राहून “कॉर्डीलिया आहे का घरात?” म्हणाला. बाहेर बर्फ पडत होतं. त्यांनी काचेतून त्याच्याकडे बघितलं आणि शांतपणे आतमध्ये स्वेटर विणत बसल्या. वीस मिनिटांनी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “मिसेस बॅटल, मीटर बघायचाय,” म्हणाला. दार उघडलं, वर गरम कॉफीही मिळाली.

पण मिसेस बॅटल स्वतः व्हर्लीनला काय म्हणत? “वरची.” “त्या वरचीला सांगा कचरा आज न्यायचाय.” मला मात्र मिस इनेझ. भाडेकरूला त्यांच्याकडे मूठ नव्हती, ती बहुधा भाड्यात धरलेली नसावी. व्हर्लीन बावीस वर्षं त्यांना मिसेस बॅटल म्हणत आली आणि स्वतः वरची राहिली. मला राग यायचा. तिला येत होता की नाही, तिने कधी ताकास तूर लागू दिली नाही.

२००२ सालचा मे महिना. शनिवारी दुपारी आम्ही तिघी चारशे अठराच्या पायऱ्यांवर बसलो होतो. मिसेस बॅटल वरच्या पायरीवर खुर्ची टाकून, मी मधल्या पायरीवर, आणि व्हर्लीन खालच्या पायरीवर टोपलीभर पालेभाजी निवडत.

“घर विकतेय,” मिसेस बॅटल म्हणाल्या. हवापाण्याबद्दल बोलावं तसं. “शहाऐंशी झाली. पायऱ्या होत नाहीत, कर भरवत नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाची येईल न्यायला. मेकन, जॉर्जिया. तिथे म्हणे नोव्हेंबरात स्वेटर लागत नाही.”

“कुणाला विकताय?” मी विचारलं.

“जो पैसे आणील त्याला.”

“मी घेते,” व्हर्लीन म्हणाली. मान वर न करता.

मी इतकी हसले की पायरीवरून घसरले. “कशाने घेशील गं बाई? शाळेतल्या पिझ्झाच्या तुकड्यांनी?”

मिसेस बॅटल हसल्या नाहीत. “वरची, ही भाजी निवडण्याइतकी सोपी गोष्ट नाही.”

“भाजी निवडणं सोपं नसतं मिसेस बॅटल, अळी सापडते. किंमत सांगा.”

त्यांनी सांगितली. ऐकून माझं हसणं थांबलं. व्हर्लीनने हातातलं पान झटकलं, टोपलीत टाकलं आणि म्हणाली, “थँक्सगिव्हिंगच्या आत आणते.”

त्यानंतर मी तिला एकटीला गाठून विचारलं, हे खूळ कशासाठी? वरच्या दोन खोल्या पुरेनात? तिने जरा विचार केला. “मिस इनेझ, मला एक्कावन्न वर्षं झाली, आणि आजवर मी कुणाला न विचारता भिंतीला रंग दिलेला नाही. आठनंतर मासे तळायचे नाहीत. पाहुणा राहणार असेल तर आधी सांगायचं. मिसेस बॅटल काही वाईट नाहीत. पण मला आता कुणाला विचारायचं नाहीये.”

मी स्वतः पंचाऐंशी साली माझं घर घेऊ शकले असते. मालक देत होता, भाव पडलेला होता, या वस्तीत तेव्हा पोस्टमनसुद्धा घाबरत घाबरत यायचा. मी म्हटलं बघू पुढच्या वर्षी. त्या ‘पुढच्या वर्षी’ला सतरा वर्षं झाली. तेव्हा खरं सांगून टाकते, व्हर्लीनचा मला हेवा वाटला. त्या हेव्यापोटीच मी हसले होते.

घर होतंही हेवा वाटण्यासारखं. या गल्लीतली सगळी घरं बाहेरून तपकिरी दगडाची. दगड कसला, चार बोटं जाडीचा मुखवटा, आत साधी वीटच. त्याचे पापुद्रे सुटतात, आणि चारशे अठराच्या दारावरची दगडी फुलं निम्मी गळून गेली होती. पण आत शिरलात की महॉगनीच्या कठड्याचा जिना, भिंतीत सरकून गडप होणारी दारं, छतावर चुन्याच्या द्राक्षांचे घोस. तो कठडा चकचकीत राहिला होता तो व्हर्लीनमुळे. रोज सकाळी कामाला जाताना ती जिना उतरता उतरता हातरुमालाने तो पुसत यायची. कुणी सांगितलं नव्हतं.

मग सुरू झाली बँकांची वारी. पहिलीने सांगितलं, पगार कमी. दुसरीने एका दुकानाचं जुनं उधारीचं कार्ड उकरून काढलं, ज्यावर तिने अठ्ठ्याऐंशी साली मावसबहिणीला फ्रिज घेऊन दिला होता. मावसबहिणीने हप्ते बुडवले होते. व्हर्लीनने एक शब्द न बोलता ते प्रकरण निस्तरलं. बँकेतली पोरं तिला “हनी” म्हणायची, तोच अर्ज चार-चार वेळा भरायला लावायची. ही खालचा ओठ दाताखाली धरून भरायची. तिचा ओठ दाताखाली गेला की समजावं, आता ही मागे हटणार नाही.

दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात तिने ताटं विकायला सुरुवात केली. तळलेला मासा, भाजी, बटाट्याचं सॅलड, आणि वर पावाचे दोन तुकडे. आमच्यात कुणाला मोठी नड आली की अशी ताटं विकतात आणि गल्ली मुकाट्याने घेते, भूक असो वा नसो. मीही दर शुक्रवारी घ्यायचे. सप्टेंबरपर्यंत माझे सगळे कपडे कमरेत घट्ट झाले. “तुझ्या घरापायी मी जाडी झाले,” मी म्हणायचे. “दुसरं ताट बांधू का, मिस इनेझ?” ती विचारायची.

ऑगस्टमध्ये निळ्या गाडीतला माणूस आला. घरं विकत घेणारे असे बरेच जण येत, दाराच्या फटीतून कार्ड सारून जात. हा मात्र वेगळा. टाय लावलेला, हातात टोपी. पायऱ्यांच्या खालीच थांबला आणि म्हणाला, “नमस्कार, मिसेस बॅटल, मॅडम. वर येऊ का?” मूठ लावून! मी माझ्या खिडकीतून ऐकलं आणि पडदा बाजूला सारला. उद्धट माणसाची भीती नसते हो, त्याला मिसेस बॅटलनी नजरेनेच खाली पाठवला असता. हा शिकवून सवरून पाठवलेला होता. त्याने व्हर्लीनच्या आकड्यापेक्षा तिसरा हिस्सा जास्त देऊ केला. रोख. बँक नाही, अर्ज नाही. अट एकच. घर रिकामं हवं. वरची बाई नको, खालची बाई नको, पडदासुद्धा नको.

“मग?” मी त्या संध्याकाळी मिसेस बॅटलना विचारलं.

“मग काय? थँक्सगिव्हिंगपर्यंत मी शब्द दिलाय. नंतर तो आणि त्याची टोपी.” जरा थांबून म्हणाल्या, “तशीही मी मेकनला जाणारच आहे.”

ते “जाणारच आहे” त्यांनी तीनदा म्हटलं. मी त्याचा अर्थ लावला नाही. व्हर्लीनला सांगितलं, तिने लावला.

सप्टेंबरअखेर तिसऱ्या बँकेने अडवणूक केली. म्हणे, पगारावर भागत नाही, पण खालच्या मजल्याला भाडेकरू असेल आणि तसा करार सहीनिशी दाखवाल, तर कर्ज मंजूर. व्हर्लीन तो कागद घेऊन थेट मिसेस बॅटलच्या दिवाणखान्यात गेली. मी तिथेच होते, लोकर गुंडाळून देत होते.

“मिसेस बॅटल, मला खालच्या मजल्याला भाडेकरू पाहिजे.”

“दे जाहिरात.”

“जाहिरातीने कोण येईल सांगता येत नाही. मला खात्रीचं माणूस हवंय. आगगाडीवाल्यांच्या विधवांचं पेन्शन पहिल्या तारखेला येतं, आजवर चुकलेलं नाही. तुमच्याइतका खात्रीचा भाडेकरू मला अख्ख्या ब्रुकलिनमध्ये माहीत नाही.”

माझ्या हातातली लोकर खाली पडली.

“मी?” मिसेस बॅटल उठून उभ्या राहिल्या. काठी न घेता. “मी भाडेकरू? माझ्या घरात?”

“माझ्या घरात,” व्हर्लीन म्हणाली. “खालचा मजला, मागची बाग, जितकी वर्षं राहायचं तितकी. त्या टोपीवाल्याचे पैसे जास्त आहेत, मला माहितीये. पण त्याला घर रिकामं हवंय. मला भरलेलं हवंय.”

“चालती हो.”

व्हर्लीन बाहेर आली आणि मागे सरकती दारं धाडकन मिटली. तोवर ती दारं धाडकन मिटू शकतात हे मला माहीत नव्हतं.

नऊ दिवस अबोला. मी व्हर्लीनला म्हटलं, “अगं, हातचं घर घालवलंस. जा, पाय धर, माफी माग.”

“कशाबद्दल?”

“त्यांना भाडेकरू म्हणालीस!”

“मी बावीस वर्षं आहे. झाला का मला काही रोग?” आणि ओठ दाताखाली.

दहाव्या दिवशी मिसेस बॅटलनी मला खिडकीतून हात केला. गेले. त्या ताठ बसल्या होत्या. “मिस इनेझ, त्या वरचीला विचारा, भाडं किती म्हणतेय.”

मी तीन जिने चढले. व्हर्लीनने आकडा सांगितला. मी तीन जिने उतरले. मिसेस बॅटलचा पारा चढला. “एवढंसं? एवढ्याशा भाड्यात ती घर चालवणार? कर माहितीये का तिला किती आहे? दोन महिन्यांत बँक घर घेऊन जाईल! तिला सांगा, वाढव.”

मी परत तीन जिने चढले. गुडघे बोलायला लागले होते. “त्या म्हणतायत भाडं वाढव.”

“त्यांना सांगा, मालकीण मी. भाडं मी ठरवणार.”

खाली आले. “सांगा तिला, अजून झालेली नाहीस!”

“मला कुणी काही सांगायला सांगू नका,” मी जिन्याच्या मध्यावर बसकण मारून ओरडले. “दोघींनी आपापली तोंडं वापरा!”

मग वरचं दार करकरलं. व्हर्लीन माझ्या अंगावरून ओलांडून खाली गेली. सरकती दारं उघडली आणि अर्ध्या तासाने भाडं ठरलं. मिसेस बॅटलनी पन्नास डॉलर वाढवूनच घेतले. जगात स्वतःचं भाडं भांडून वाढवलेली दुसरी बाई मी पाहिलेली नाही. त्या मेकनला जाणार नाहीत, हा विषय त्या दिवशी दोघींपैकी कुणी काढला नाही. पण मिसेस बॅटलनी त्या रात्री गोड शेरी वाइनचे दोन मोठे पेले भरले हे मला माहीत आहे, कारण एक माझा होता.

नोव्हेंबरातला तो मंगळवार. कोर्टाजवळच्या इमारतीत नववा मजला, लांबच लांब टेबल. बँकेने व्याजाचा जो दर कबूल केला होता तो त्या दिवशी संध्याकाळी पाचला संपत होता. दुसऱ्या दिवशी भाची रोझेटा मेकनहून येणार होती, आणि टोपीवाल्याने तिला गाठून तिच्याही कानाला लागून ठेवलं होतं. म्हणजे घर आज झालं तर झालं.

मिसेस बॅटल जांभळी टोपी आणि हातमोजे घालून आलेल्या. व्हर्लीन चर्चच्या कपड्यांत. दोघींचे वकील आमच्याच चर्चमधले, शांत स्वभावाचे. मी गाडी चालवून आणलं म्हणून टेबलाशी बसले. समोर बँकेचा वकील, सत्तावीस-अठ्ठावीसचा गोरा मुलगा, हसतमुख. वाईट नव्हता हो तो. तेच तर अवघड.

“हाय, कॉर्डीलिया!” तो म्हणाला. “आणि तू व्हर्लीन, हो ना? चला, पटपट उरकू. कॉर्डीलिया, तू आधी इथे सही कर, पिवळी खूण आहे तिथे.”

मिसेस बॅटलनी पेनाचं टोपण उघडलं होतं. ते परत लावलं.

त्याला वाटलं म्हातारीला दिसत नाही. कागद पुढे सरकवून तो मोठ्याने म्हणाला, “इथे, कॉर्डीलिया! इथे!”

मिसेस बॅटल त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या व्हर्लीनकडे बघत होत्या. त्या नजरेचा अर्थ टेबलाशी बसलेल्या आम्हा सगळ्या काळ्या माणसांना कळला आणि त्या पोराला कळला नाही. त्या पायऱ्यांवर त्रेपन्न वर्षं जे कुणी चालवून घेतलं नाही, ते तू चालवून घेणार आहेस का, एवढंच त्या विचारत होत्या. आणि उत्तर मिळेपर्यंत सही करणार नव्हत्या, मग घर टोपीवाल्याला गेलं तरी बेहत्तर.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी टेबलाखालून व्हर्लीनला चिमटा काढला. कुजबुजले, “गप्प बस. आधी सही होऊ दे, मग काय बोलायचं ते बोल.” मी असं म्हणाले. माझी मला लाज वाटते, पण म्हणाले. सहा महिने तिने गिळलं होतं, आणखी दहा मिनिटं गिळलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

व्हर्लीन उठून उभी राहिली.

“साहेब, तुमचं नाव काय?”

“केव्हिन.”

“आडनाव?”

“अं... मर्ट्झ.”

“मिस्टर मर्ट्झ, या मिसेस बॅटल. मी मिस गॅड्सडेन. आमची पहिली नावं कागदावर आहेत, ती कागदावरच राहू देत. तेवढं जमत असेल तर सह्या करू. जमत नसेल तर मला उद्याही दोनशे पोरांचा स्वयंपाक आहे आणि सणानंतरही. मला घाई नाही.”

घाई नाही! या बाईच्या तोंडून बावीस वर्षांत मी ऐकलेलं हे पहिलं खोटं.

पोरगा कानापर्यंत लाल झाला. “मी तर फक्त आपलं मोकळेपणाने...” त्याने घड्याळाकडे बघितलं. “म्हणजे, दर पाचला संपतोय, तुला माहितीये ना?”

“मिस गॅड्सडेनना माहिती आहे,” व्हर्लीन म्हणाली. आणि खाली बसली, हाताची घडी घालून.

आमच्या वकिलांपैकी एकजण चष्मा पुसायला लागला. मी मनातल्या मनात सगळी स्तोत्रं म्हणून पाहिली, एकही पूर्ण आठवेना. त्या पोराने कागद सारखे केले, घसा साफ केला.

“मिसेस बॅटल,” तो म्हणाला, “माफ करा. आपण इथे सही कराल का?”

मिसेस बॅटलनी टोपण उघडलं. पेन उचललं आणि व्हर्लीनपुढे धरलं. “आधी मिस गॅड्सडेन करतील. घर त्या घेतायत.”

करतील, म्हणाल्या. त्या, म्हणाल्या. बावीस वर्षांची वरची त्या टेबलावर एका वाक्यात संपली. व्हर्लीनने सही केली तेव्हा मी हातरुमाल शोधत होते. चार पन्नासला शेवटचा कागद झाला. उतरताना लिफ्टमध्ये मिसेस बॅटल एवढंच म्हणाल्या, “पोरगा सुधारेल. आई चांगली असावी.”

रोझेटा दुसऱ्या दिवशी आली, दोन दिवस फुरंगटून बसली, सणाची टर्की पोटभर खाल्ली आणि एकटीच मेकनला परत गेली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण घर कागदावर झालं तरी व्हर्लीनला ते पटत नव्हतं. दिवाणखान्याचा मजला आता तिचा, पण ती वरच्याच दोन खोल्यांत झोपे. चोर पावलांनी जिना उतरे. दारावरची घंटा वाजली तर उठत नसे, दुसऱ्या कुणीतरी उघडायचं असल्यासारखी. मी म्हटलं, “अगं, तुझं घर आहे.” ती म्हणे, “हो, हो.” जीभ म्हणायची, चेहरा म्हणत नव्हता. मला वाटायला लागलं, एवढं लढून हिच्या पदरात पडलं तरी काय?

डिसेंबरातल्या पहिल्या कडक थंडीच्या रविवारी चर्चच्या आधी मी तिच्याकडे कॉफीला गेले होते. खोली गारठलेली. दोघी कोट घालून बसलो होतो. आणि एकदम खालून आवाज आला. ठण्. ठण्. ठण्.

न्यूयॉर्कमधल्या भाडेकरूला तो आवाज सांगावा लागत नाही. खोली तापवणारी वाफेची नळी गार पडली की चमचा घ्यायचा आणि ती बडवायची, मालकाची झोप उडेपर्यंत. मी पन्नास वर्षं बडवत आलेय. पण मिसेस बॅटलनी त्या घरात एकोणपन्नास सालापासून एकदाही नळी बडवली नव्हती. बडवणार कुणाच्या नावाने?

ठण्. ठण्. ठण्. आता जोरात.

व्हर्लीनने कप खाली ठेवला. “मिस इनेझ, ऐकलंत?”

“मी काय, अख्ख्या गल्लीने ऐकलं.”

“माझ्या नावाने बडवतायत त्या.” आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले, आणि ते तिने पुसलेही नाहीत. उठली ती धाडधाड जिना उतरत निघाली. एवढ्या वर्षांत त्या जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

खालून मिसेस बॅटलचा आवाज तीन मजले चढून वर आला. “सहा वाजल्यापासून गारठतेय मी इथे! या घराला कुणी मालकीण आहे की नाही?”

“आहे!” व्हर्लीन जिन्यातून ओरडली. “आले, आले!”